स्पॉन्सरशिपचे पैसे मुलाने भरायचे नसतात

परदेशातली कंपनी आपल्या मुलाला व्हिसासाठी स्पॉन्सर करते, तेव्हा स्पॉन्सर होण्याचा खर्च तिचा असतो. वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक इंजिनिअर मुलाच्या आईबापांना एवढं जरी ठाऊक असतं, तरी कितीतरी घरांचे पैसे वाचले असते. ते वाचले नाहीत, याचा मला राग येतो. म्हणून हे लिहिते आहे.

वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. आधी मी एमएस-सीआयटी शिकवायची. आता सातबारा, पीकविमा, पासपोर्टचे अर्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन अशी कामं चालतात. कापूस विकून घरात पैसा आला की सेलू, पुलगाव, समुद्रपूरकडची मुलं परदेशी नोकरीची ऑफर लेटर घेऊन येतात. त्यांना रंगीत प्रिंट हवी असते, कारण ती कोणाला तरी दाखवून पैसे उभे करायचे असतात.

मागच्या हंगामात देवळीकडचे एक काका मुलाला घेऊन आले. "ताई, चांगल्या कागदावर काढून द्या, पतसंस्थेत दाखवाची हाये." पत्र लंडनच्या एका कंपनीचं होतं. पद सॉफ्टवेअर इंजिनिअर, पगार वर्षाला 26,000 पौंड. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: व्हिसा स्पॉन्सरशिप डिपॉझिट 1,85,000 रुपये, रुजू झाल्यावर परत. पैसे भरायचं खातं कंपनीचं नव्हतं, एका माणसाचं साधं बचत खातं होतं. मुलगा 23 वर्षांचा, आदल्या वर्षी पदवी झालेला, अजून कुठेही नोकरी न केलेला.

मी प्रिंट काढली नाही. त्याला शेजारी बसवलं आणि ब्रिटिश सरकारची परवानाधारक स्पॉन्सरांची यादी उघडली. ही यादी कोणालाही फुकट पाहता येते. त्यात नाव नसलेली कंपनी बाहेरचा माणूस स्किल्ड वर्कर व्हिसावर बोलावूच शकत नाही. या कंपनीचं नाव त्यात नव्हतं. मग पगाराची अट काढली. जुलै 2025 पासून या व्हिसासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला किमान 41,700 पौंड पगार लागतो. 26 वर्षांखालच्या नवख्याला सवलत आहे, तरी त्यालाही 33,400 पौंडांहून कमी पगार चालत नाही. पत्रातल्या 26,000 पौंडांवर व्हिसा मिळणं शक्यच नव्हतं. डिपॉझिटबद्दल मला काही बोलावंच लागलं नाही, मुलाने स्वतःच पत्र उलटं ठेवलं. काका मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग हे पत्र पाठवलं कोणं?"

त्या काकांसारखी माणसं आळशी नसतात, लोभीही नसतात. कोरडवाहू शेतीवर पोराला शिकवून त्यांनी आपलं काम चोख केलेलं असतं. पुढचा रस्ता त्यांना कोणी दाखवलेला नसतो, आणि त्या अंधारातच कन्सल्टन्सीवाल्याचं दुकान चालतं. टोकन, मग फाइल चार्ज, मग 'एम्बसी क्लिअरन्स' अशा हप्त्यांनी पैसे काढले जातात. पहिला हप्ता दिला की दुसरा अडवता येत नाही, कारण पहिला बुडेल अशी भीती असते.

खरा व्यवहार कसा असतो, तेही मी पाहिलं आहे. हिंगणघाटची एक मुलगी पुण्यात चार वर्षं डेटाबेसचं काम करत होती. तिला बर्लिनच्या कंपनीने घेतलं. मुलाखतींच्या फेऱ्या झाल्या, करार आला, तिकीट आणि पहिल्या महिन्याचं घर कंपनीने दिलं. तिने स्वतः भरली ती फक्त व्हिसाची सरकारी फी, 75 युरो, तीही थेट व्हिसा केंद्रावर, पावती घेऊन. माझ्याकडे ती आली होती वेगळ्याच अडचणीसाठी. तिच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव होतं. पासपोर्टवर क्रम निराळा, अनुभवपत्रावर वडिलांचं नावच गायब. ते जुळवायला आम्हाला फार खटपट करावी लागली. पासपोर्ट काढताना नावाचा क्रम नीट पाहून घ्या, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

जर्मनीचे नियम मला त्यातल्या त्यात सरळ वाटतात. ब्लू कार्ड या तिथल्या कामाच्या परवान्यासाठी 2026 मध्ये वर्षाला 50,700 युरो पगाराचा करार लागतो. आयटीवाल्यांना आणि नव्या पदवीधरांना 45,934 च्या आसपास चालतो. आपलं विद्यापीठ तिथे मान्य आहे की नाही, हे 'अनाबिन' नावाच्या सरकारी नोंदवहीत घरबसल्या पाहता येतं. नोव्हेंबर 2023 पासून आणखी एक दार उघडलं आहे. आयटीत गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल, तर पदवी नसतानाही ब्लू कार्ड मिळू शकतं. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून नागपूरला कामाला लागलेल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. नेदरलँड्सनेही मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी लोकांसमोर ठेवली आहे. नोकरी शोधायची तर सुरुवात या याद्यांपासून करावी. यादीतली कंपनी निवडावी, तिच्या स्वतःच्या पानावर जागा पाहावी, तिथेच अर्ज करावा. हे काम कंटाळवाणं आहे, नकार पुष्कळ येतात, पण त्याला एक रुपया लागत नाही.

अमेरिकेचं सांगायचं तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या जागा वर्षाला 65,000, आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20,000. मागणारे त्याहून कितीतरी जास्त. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरून नव्याने आणायच्या माणसामागे मालकावर एक लाख डॉलरचा भार टाकला. आपल्या पैशात ते नव्वद लाखांच्या आसपास होतात. वर्ध्यातल्या अनुभव नसलेल्या मुलाला 'एच-वन-बी करून देतो' म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे, असं मी आता बेधडक सांगते.

इथेच आईबापांना न रुचणारी गोष्ट बोलावी लागते. बाहेरची कंपनी एवढी खटपट करते ती हातात कसब असलेल्या माणसासाठी. पदवी हातात पडताच स्पॉन्सर मिळणं फार दुर्मीळ आहे. नागपूरच्या मिहानमध्ये, पुण्याच्या हिंजवडीत तीन-चार वर्षं मन लावून काम करणं हाच बहुतेकांचा खरा रस्ता असतो. पण गावात 'अजून पुण्यातच हाये का?' असं विचारलं जातं, आणि मुलगा शरमेने एजंटाचा नंबर फिरवतो. पुण्यात महिन्याला पस्तीस हजार मिळवणाऱ्या पोराला अपयशी ठरवणं आपण थांबवलं पाहिजे.

पैसे बुडणं हे तरी भरून निघणारं नुकसान आहे; याहून वाईटही घडलं आहे. 24 सप्टेंबर 2022 रोजी परराष्ट्र मंत्रालयाने खास आयटी शिकलेल्या तरुणांसाठी इशारा काढला होता. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी सांगून मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलं जात होतं. तिथे डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जात होती. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा 549 भारतीयांना परत आणलं, आधी 283 आणि लगेच 266. थायलंडला जायला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नसे, त्यामुळे कोणी कागद तपासलेच नव्हते. 'आधी टुरिस्ट म्हणून या, वर्क व्हिसा तिथे करू' हे वाक्य ऐकलं की फोन ठेवून द्यावा.

आपला कायदाही काही अगदीच दुबळा नाही. 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे सरकारी परवाना हवा. ई-मायग्रेट या संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं. परवानाधारक एजंटालाही 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. बाहेरच्या देशांतही नियम आहेत. ब्रिटनने 31 डिसेंबर 2024 पासून स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राची फी कर्मचाऱ्याकडून वसूल करायला मालकाला मनाई केली आहे. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं हा गुन्हाच आहे. हे सगळं कागदावर आहे, पण समुद्रपूरच्या माणसापर्यंत ते पोहोचवायचं कोणी?

वर्ध्याची माती परदेशी शिक्षणाच्या विरोधात कधीच नव्हती. गांधीजींचे सहकारी काकासाहेब कालेलकर यांचा मुलगा बाळ दांडीयात्रेत चालला होता. 1940 च्या सुमारास तो अमेरिकेला एमआयटीत शिकायला निघाला, तेव्हा इथे सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींनी त्याला शिफारसपत्र दिलं. बाळच्या मागे उभं राहणारं, त्याच्यासाठी चार ओळी लिहिणारं जाणतं माणूस होतं. आजच्या मुलाच्या मागे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक अनोळखी नंबर असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आठवड्यातून एक दिवस परदेशी ऑफर लेटर फुकट तपासून द्यायची सोय करा. त्याला नवी इमारत नको. एक संगणक, नेट, आणि या याद्या वाचता येणारा एक माणूस पुरेसा आहे. जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलनी शेवटच्या सेमिस्टरला एक तास यासाठी ठेवावा, आणि त्या तासाला मुलांसोबत पालकांनाही बोलवावं. पैसे तेच देतात. पतसंस्थांनी परदेशी नोकरीसाठी कर्ज देताना पत्रातल्या कंपनीचं नाव त्या देशाच्या यादीत शोधावं. दहा मिनिटांचं काम आहे. फसलेल्यांनी लाजेखातर गप्प न बसता सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसा दुसऱ्या खात्यात वळवला जाण्याआधी तक्रार झाली, तर तो गोठवता येण्याची शक्यता असते. हे सगळं दिवाळीच्या आत सुरू व्हायला हवं, कारण त्यानंतर कापूस बाजारात येतो आणि एजंटांचे फोनही तेव्हाच सुरू होतात.