मूत्रमार्गाचा संकोच

लघवीची तक्रार घरांतील वडील मंडळी वयावर ढकलतात आणि मुलें भीडेनें विचारीत नाहींत. रोगाच्या संकोचास रोग्याच्या संकोचाची जोड मिळते ती अशी. धार बारीक होणें, जोर करावा लागणें, मागाहून थेंब गळणें हीं लक्षणें प्रोस्टेट ग्रंथि वाढल्यानें होतात, तशींच मूत्रमार्गांतील व्रण भरून येतांना मार्ग आवळल्यानेंही होतात. आणि हें दुसरें कारण तरुणांतही आढळतें. अपघात, पूर्वीं घातलेली नळी, जुना संसर्ग, किंवा त्वचा पांढरी पाडणारा लायकेन स्क्लेरोसस नांवाचा विकार त्याच्या मुळाशीं असतो.

मार्ग रुंद करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. निरुद्धप्रकश विकारावर सुश्रुतानें तूप माखलेली नळी घालून दर तीन दिवसांनीं अधिक जाड नळी योजण्यास सांगितलें आहे. आजच्या धातूच्या सळया याच जातीच्या. दुर्बिणींतून व्रण छेदण्याची क्रियाही फार दूरची नव्हे. आखूड संकोचास प्रथम या क्रिया योग्यच. पण एकदां फसल्यावर पुनःपुन्हां तेंच करणें आम्हांस पटत नाहीं. प्रत्येक खेपेस नवा व्रण होऊन मार्ग अधिकच ताठरतो, आणि रोगी मात्र सुटल्याच्या समाधानांत घरीं येतो.

याहून पुष्कळ टिकाऊ उपाय म्हणजे मार्गाची पुनर्रचना. वृषणांमागील भागांत दोन सेंटिमीटरांच्या आंतील संकोच असल्यास तेवढा तुकडा काढून टोकें जोडतां येतात. लांब संकोचास मार्ग उघडून गालाच्या अंतस्त्वचेची पट्टी लावितात. ती ओलाव्यास सरावलेली असून तिच्यावर केस नसतात. सापेझ्को यांनीं १८९४ सालींच हा प्रयोग प्रसिद्ध केला होता. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनीं २००९ सालीं मार्ग एकाच बाजूनें सोडवून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा व मज्जातंतू राखण्याची रीत प्रसिद्ध केली. मात्र सुपारी-तंबाखूनें ज्याचे गाल ताठरले, त्याचा गाल येथें कामास येत नाहीं. जिभेची अंतस्त्वचा घ्यावी लागते. जेवणानंतरच्या तबकाकडे आम्ही या दृष्टीनें कधीं पाहिलें नव्हतें!

अपघातांत कटीचें हाड मोडून मार्ग तुटल्यास ओटीपोटांतून नळी बसवून सुमारें तीन महिने थांबतात. घरच्यांनीं घाई करूं नये. फार थकलेल्या वृद्धास वृषणांमागें नवें द्वार करून देतां येतें; त्यास लघवीस बसावें लागतें, इतकेंच.

मूत्राचा वेग मोजून आणि मार्गांत औषध सोडून क्ष-किरणचित्र काढून संकोच कोठें व किती लांब हें कळल्याखेरीज कोणत्याही क्रियेस संमति देऊं नये. पुनर्रचनेनंतर साधारणतः तीन आठवडे नळी राहते; तेवढे दिवस घरीं स्वतंत्र खोलीची सोय करावी.