मेलेला जिवंताला धरतो?

एम. ए.च्या वर्गात अनुवादविचार शिकवताना आपण उदाहरणे बहुधा कवितेची घेतो. छटा निसटली, लय मोडली, श्लेष हरवला असे म्हणून हळहळतो आणि तास संपतो. त्या हानीची किंमत कोणालाही रोख मोजावी लागत नाही. म्हणूनच गेली काही वर्षे मी त्या तासाला एक रूक्ष उदाहरण नेतो : वारसाहक्काच्या वादात फ्रेंच कायद्यातील संज्ञांचे होणारे इंग्रजी अनुवाद. तेथे एक शब्द चुकला तर एखाद्याचे घर जाऊ शकते. अनुवाद सहज, ओघवता, 'मूळचाच वाटणारा' असावा हा आपला लाडका निकष तेथे किती तकलादू ठरतो, हेही तेथेच कळते.

फ्रेंच वारसाकायद्यात एक जुने वचन आहे : 'ल मॉर सेझी ल व्हीफ'. शब्दशः पाहिले तर 'मेलेला जिवंताला धरतो'. मार्क्सने 'भांडवल'च्या १८६७च्या प्रस्तावनेत ते योजले, तेव्हा भूतकाळ वर्तमानाच्या मानगुटीवर बसतो असा अर्थ त्याला अभिप्रेत होता. साहित्याच्या वाचकाला तोच अर्थ ओळखीचा असतो. कायद्यातला अर्थ मात्र जवळजवळ उलटा आहे. तेथे मृत माणूस जिवंताला पकडत नाही, त्याच्या हाती ताबा सोपवतो. मृत्यूच्या क्षणीच मालमत्ता वारसाकडे येते, मध्ये तिसरे कोणी उभे राहत नाही.

इंग्लिश कायद्यात मात्र तिसरा माणूस असतोच. मृताची मालमत्ता आधी एक्झिक्युटरकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे जाते. तो कर्जे फेडतो आणि उरलेले वाटतो. फ्रेंच मृत्युपत्रातही 'एक्झेक्युतर' नेमता येतो, परंतु त्याचे काम मुख्यतः देखरेखीचे असते. शब्द एकाच कुळातला असल्यामुळे अनुवादक निर्धास्तपणे एकाच्या जागी दुसरा ठेवतो आणि देखरेख करणाऱ्याला नकळत संपत्तीचा धारक करून टाकतो. याहून घातक चूक कर्जाबाबत होते. फ्रेंच वारसाने वारसा बिनशर्त स्वीकारला, तर मृताची देणी मिळालेल्या मालमत्तेपेक्षा जास्त असली तरी ती सामान्यतः त्याच्या अंगावर येतात. म्हणून निव्वळ मालमत्तेच्या मर्यादेत स्वीकार आणि संपूर्ण त्याग हे आणखी दोन पर्याय कायद्याने त्याला दिले आहेत. अनुवादात नुसते 'वारसा स्वीकारला' एवढेच आले, तर इंग्रजी वाचकाला त्यात धोका दिसतच नाही. त्याच्या कायद्यात मृताचे कर्ज वारसाच्या खिशापर्यंत पोहोचत नाही.

अशा फसव्या सारखेपणाला इतिहास आहे. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायालयांची भाषा कित्येक शतके फ्रेंचच होती आणि इंग्रजी कायद्याचा अर्धाअधिक शब्दसंग्रह तिच्यातून आला. पुढे शब्द राहिले, वाटा मात्र वेगळ्या झाल्या. दूरच्या भाषेपुढे अनुवादक सावध असतो. ओळखीचा चेहरा दिसला की तो गाफील होतो.

आता 'रेझर्व्ह' ही संज्ञा पाहा. फ्रेंच कायद्यानुसार आईबापांना मुलांचा वाटा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. एक मूल असेल तर निम्मी, दोन असतील तर दोन-तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन-चतुर्थांश मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. उरलेल्या भागाची विल्हेवाट मृत्युपत्र करणाऱ्याने हवी तशी लावावी. इंग्रजीत याचा रूढ अनुवाद 'फोर्स्ड एअरशिप', म्हणजे सक्तीची वारसदारी. व्यवस्था तीच, पण पाहणारा डोळा बदलला. मूळ शब्द मुलाच्या बाजूने बोलतो : हे तुझ्यासाठी राखून ठेवले आहे. अनुवाद मृत्युपत्र करणाऱ्याच्या बाजूने कुरकुरतो : माझ्यावर वारस लादले. इच्छापत्राच्या स्वातंत्र्याला पवित्र मानणारी इंग्रजी परंपरा त्या एका विशेषणात उतरली आहे. इंग्लंडमध्ये १९७५च्या कायद्याने कुटुंबीयांना 'वाजवी तरतूद' मागता येते, परंतु ती न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. राखीव वाटा हा हक्क आहे आणि तरतूद ही मागणी.

हा फरक पुस्तकी नाही. संगीतकार मॉरिस जार यांनी कॅलिफोर्नियात राहून सारी संपत्ती ट्रस्टमार्फत शेवटच्या पत्नीला दिली. मुलांनी फ्रान्समध्ये दाद मागितली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२४ साली त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. मधल्या काळात, २०२१ साली, फ्रान्सने कायदाच बदलला आणि परदेशी कायद्याने वंचित ठेवलेल्या मुलांना विशिष्ट परिस्थितीत फ्रान्समधील मालमत्तेतून भरपाईची वाट दिली. राखीव वाटा ही समाजाची मूलभूत धारणा की बदलता येणारा नियम, असा तो वाद होता. त्यात 'सक्तीची' हा शब्द वापरणारा अनुवादक साक्षीदार राहत नाही, पक्षकार होतो.

'युझ्युफ्रुई'चे तसेच. सर्व मुले दोघांची असतील, तर विधवेला किंवा विधुराला संपूर्ण मालमत्तेचा हयातभर उपभोग किंवा चतुर्थांशाची पूर्ण मालकी यांतून निवड करता येते. उपभोग घेतल्यास मुलांकडे राहते ती फ्रेंच भाषेत 'नागवी मालकी'. इंग्रजीत याला 'लाइफ इंटरेस्ट' म्हटले की ट्रस्टची आकृती समोर येते : विश्वस्ताच्या नावावर मालमत्ता, लाभ दुसऱ्याचा. फ्रेंच व्यवस्थेत विश्वस्त नाहीच. आई आणि मुले यांचे एकाच घरावर दोन थेट हक्क आहेत. छपराची मोठी दुरुस्ती कोणी करायची, यावरून उठणारा वाद त्या दोघांतलाच असतो.

आपण हे परक्यांचे म्हणून सोडून द्यावे असे नाही. बिनमुलाच्या बापाची जमीन मुलींकडे एकत्रितपणे आली, की जुन्या इंग्लिश कायद्यात त्या मुलींना 'कोपार्सनर' म्हणत. शब्द फ्रेंच घराण्याचा. आपल्या न्यायालयांनी मिताक्षरेच्या जन्मसिद्ध हक्कासाठी तोच उचलला आणि मुलींसाठी रुळलेला शब्द येथे फक्त पुरुषांना लागू झाला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना त्या वर्तुळात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यातला संभ्रम मिटवला. आयता शब्द लावल्याने संस्कृत संकल्पना इंग्रजी झाली नाही. केवळ तिचे वेगळेपण झाकले गेले.

मग करावे काय? माझे मत असे की वारसाच्या कागदात मूळ संज्ञा तशीच ठेवावी, पहिल्या उल्लेखाला तिचा अर्थ दोन वाक्यांत सांगावा आणि पुढे तीच वापरावी. हे स्वप्नरंजन नव्हे. मॉरिशसमध्ये, जेथे मराठी वंशाचा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, नागरी संहिता फ्रेंच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. तेथील इंग्रजी निकालपत्रांत फ्रेंच संज्ञा जशाच्या तशा येतात. वाक्य इंग्रजी, संज्ञा फ्रेंच. भाषा खडबडीत होते, हक्क शाबूत राहतो.

यावर आक्षेप येईल की सामान्य पक्षकाराला परका शब्द कळणार नाही. खरे आहे. परंतु न कळलेला शब्द माणसाला विचारायला भाग पाडतो. चुकीचा कळलेला शब्द त्याच्याकडून सही करवून घेतो. या दोहोंत निवड करायची झाली, तर मी अडखळायला लावणाऱ्या अनुवादाच्या बाजूने उभा राहीन.

वर्गात हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, 'मग सर, कवितेच्या अनुवादालाही हेच लावायचे का?' मी उत्तर लांबवले. कवितेत अडखळण्याला मर्यादा आहेत, असे मला अजूनही वाटते. पण ओघवतेपणाला पैकीच्या पैकी गुण देताना माझा हात आता थोडा थबकतो.