प्रसिद्ध बाईचं ‘नाही’



नामवंत माणूस बाजारात, एस.टी. स्टँडवर किंवा चहाच्या टपरीवर दिसला, तर आपण त्याच्याजवळ जावं का? आणि गेलोच, तर त्यानं आपल्याशी कसं वागावं? राजूरला गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आधी हशा पिकला. रेशन, पाणी, वनहक्क हे सगळं सोडून नटनट्यांच्या गप्पा कशाला, असं एकीनं विचारलंही. पण बोलता बोलता तासभर गेला. बाईनं चारचौघांत कसं वावरायचं, हाच तो आपला जुना प्रश्न वेगळ्या वेषात समोर आलाय, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून या वेळी त्याविषयीच लिहिते आहे.

नामवंत म्हटलं की आपल्याला मुंबईची माणसं आठवतात. पण राजूर ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईनं गावरान बियाणं जपलं, वाढवलं, इतर बायांना दिलं. २०१८ साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या मुलखातली, आपल्यासारखं लुगडं नेसणारी बाई नामवंत झाली, याचा आनंद मोठाच आहे. पण नाव झालं म्हणून बाईचा बाजार, शेत, दुखणंखुपणं संपत नाही. तिला वाटेत थांबवून हात धरणाऱ्याला, फोन पुढे करणाऱ्याला याचं भान असतं का?

गर्दी आणि प्रसिद्ध माणूस समोरासमोर आले की सत्ता कुणाच्या हातात आहे, हे आधी पाहायला हवं. २००८ साली मुंबईत चित्रीकरणाच्या जागी अभिनेता गोविंदा यांनी बघायला आलेल्या एका माणसाच्या थोबाडीत मारली. तो माणूस कोर्टात गेला. उच्च न्यायालयात त्याच्या पदरी काही पडलं नाही, तरी तो थांबला नाही. शेवटी २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं गोविंदा यांना माफी मागण्याचा सल्ला दिला. एका चपराकीच्या माफीसाठी साध्या माणसाला सात वर्षं खेटे घालावे लागले. २०२३ साली वाराणसीत फोटो काढायला जवळ आलेल्या तरुणाला नाना पाटेकर यांनी टपली मारून हाकललं. त्याची चित्रफीत देशभर फिरली. तो प्रसंगातलाच माणूस आहे असं वाटलं, असा खुलासा करून नानांनी माफी मागितली. दोन्ही ठिकाणी बळ प्रसिद्ध पुरुषाकडे होतं. अशा वेळी आपण चाहत्याच्या बाजूनं उभं राहायला हवं. नकार देण्याचा हक्क सगळ्यांना आहे, अपमान करण्याचा कुणालाच नाही.

आता पारडं फिरवून पाहा. नामवंत व्यक्ती बाई आहे आणि भोवती पुरुषांची गर्दी आहे. इथे नाव तिचं मोठं, पण बळ गर्दीचं. २०२३ सालीच नृत्यांगना गौतमी पाटील हिचं कपडे बदलतानाचं चित्रण चोरून करून पसरवलं गेलं आणि पोलिसांत तक्रार दाखल झाली. तिच्या नाचावर आधी बरीच टीका झाली होती, आपल्यातल्याही अनेकींना तो पटला नव्हता. तो वाद वेगळा. पण ‘रंगमंचावर नाचते तर मग लाज कसली’ हे तेव्हा ऐकू आलेलं वाक्य आपल्या चांगलं ओळखीचं आहे. रात्री बाहेर पडलेल्या मुलीलाही हेच ऐकवतात. लोकांसमोर आली ती लोकांची झाली, हा त्यामागचा हिशेब. कायदा तो हिशेब मानत नाही. असं चोरून चित्रण करणं २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि २०२४ साली लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ७७ खाली तो कायम आहे. गटातल्या मुलींना हे कलम सांगून ठेवा. ते फक्त प्रसिद्ध बाईसाठी नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. पुरुष मोठा झाला की तो ‘साहेब’ होतो. बाई मोठी झाली की आपण तिला आई करून टाकतो. सिंधुताई सपकाळ ‘माई’ झाल्या, राहीबाई ‘बीजमाता’ झाल्या. यात माया आहे, नाही असं नाही. पण साहेबाला भेटायची वेळ ठरलेली असते, आईला मात्र केव्हाही हाक मारता येते. आई दमत नाही, आईनं नाही म्हणायचं नाही, आईनं मानधन तर मुळीच मागायचं नाही. घरात ज्या अपेक्षेखाली बाई वाकते, तीच अपेक्षा आपण हार घालून चौकात तिच्या गळ्यात अडकवतो. मग एखादीनं ‘आत्ता नको’ म्हटलं की लगेच शेरा येतो, ‘नाव झालं आणि माज आला.’ पुरुष गप्प राहिला तर तो गंभीर, बाई गप्प राहिली तर ती गर्विष्ठ!

हे फक्त पुरुष करतात असंही नाही. आपल्याच मेळाव्यांत पाहुणीला आपण व्यासपीठावरून उतरू देत नाही. कुणी गळ्यात पडतं, कुणी दंड धरून ओढतं, तिच्या ताटातलं जेवण गार होतं. शिबिरात आपण मुलींना शिकवतो, ‘तुझ्या शरीरावर तुझा हक्क.’ हे वाक्य पाहुणीलाही लागू आहे.

म्हणून आठ मार्चची तयारी करताना एवढं ठरवू या. फोटोची वेळ आधी पाहुणीला विचारून ठरवायची आणि सगळ्यांचा मिळून एकच काढायचा. हात लावण्याआधी विचारायचं. प्रवासखर्च आणि मानधनाचं आधी बोलायचं. जेवताना तिला जेवू द्यायचं. बाजारात दिसली तर लांबून नमस्कार करायचा. तिनं थांबून दोन शब्द बोलले तर आनंदच, न बोलता पिशवी उचलून ती पुढे गेली तरी मनात अढी धरायची नाही.

साध्या बाईचं ‘नाही’ लोकांनी ऐकावं म्हणून आपण इतकी वर्षं भांडतो आहोत. जिला सगळा मुलूख ओळखतो, तिचंही ‘नाही’ आपण ऐकणार नसू, तर जिला कुणीच ओळखत नाही तिचं कोण ऐकणार?

तुमच्या गटात यावर बोला. मतभेद असतील तर तेही कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात घेऊ.