भाड्याचे घर की कर्जाचे घर?

मुंबईत जागा परवडेना म्हणून श्रमिक ठाण्याला आला. ठाणे परवडेना म्हणून डोंबिवली-कल्याणला. आता कल्याणही हाताबाहेर गेले म्हणून तो शहाड ओलांडून आंबिवलीला उतरतो. येथे भाड्याने राहावे की कर्ज काढून घर घ्यावे, हा हिशेब घरोघरी मांडला जातो. तो आपणही एकदा मांडून पाहिला पाहिजे.

समजा, ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. हप्ता दरमहा सुमारे २६ हजार रुपये पडतो आणि एकूण फेड साडेबासष्ट लाखांच्या घरात जाते. पहिल्या वर्षी भरलेल्या तीन लाख बारा हजारांपैकी अडीच लाखांहून अधिक रक्कम निव्वळ व्याजाची असते. तसलेच घर १० हजार रुपये भाड्याने मिळत असेल, तर भाडे पुढे वाढणार आणि घर शेवटी मालकीचे होणार हे धरूनही, आजच्या पगाराला झेपणारे घर भाड्याचेच ठरते.

मग कामगार कर्जाच्या वाटेला का जातो? तो निर्धास्तपणा विकत घेऊ पाहतो म्हणून. भाड्याच्या घरात त्याला तो मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच जागा सोडावी लागते; न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार बहुधा ११ महिन्यांचे. म्हणजे मुलांची शाळा, शेजार, कामाला जाण्याची वाट, सारेच दर वर्षी टांगणीला.

जुना कायदा निर्दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण चाळींची दुरुस्ती थांबली, पागडी बोकाळली आणि भाड्यासाठी घरे बांधणे जवळजवळ बंद पडले. त्या चुकीवर उपाय म्हणून नव्या भाडेकरूचे संरक्षणच काढून घेणे, हा कोणता न्याय?

मालकीही अभेद्य नाही. बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. कर्ज काढून तेथे घर घेणाऱ्या कुटुंबांचा अपराध काय होता? तिसरी वाट कंपनीच्या वसाहतीची. मोहने-आंबिवलीच्या एन.आर.सी. कारखान्याला २००९ साली टाळे लागले. कामगार थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले आणि पुढे त्यांच्या वसाहतीवरच पाडकाम आले. नोकरीला बांधलेले घर नोकरीबरोबरच गेले.

एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना भाड्याचे हप्त्यांत रूपांतर करून कामगाराला घरमालक बनवण्याच्या योजनेवर टीका केली होती. घराशी जखडलेल्या कामगाराची लढण्याची ताकद घटते, हा त्याचा मुद्दा. २० वर्षांचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस संपाच्या नोटिशीवर सही करताना दहादा विचार करतो, हे आपल्या युनियनच्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

व्हिएन्ना शहराने १९२० च्या दशकापासून भाड्याची घरे स्वतः बांधली. आज तेथील जवळपास निम्मे रहिवासी नगरपालिकेच्या वा अनुदानित घरांत राहतात. आपल्याकडे म्हाडाची सोडत मात्र मुख्यत्वे मालकीच्या घरांची असते.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. म्हाडा आणि महापालिकांनी कायम भाड्याची घरे बांधावीत. खासगी भाडेकरार किमान पाच वर्षांचा असावा; भाडेवाढीचे प्रमाण ठरलेले असावे, म्हणजे घरमालकाचेही नुकसान होणार नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवली आहे. ती मर्यादा येथेही लागू व्हावी.

घर घ्यावे की भाड्याने राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र निवड खरी हवी. बेघर होण्याच्या धास्तीने घेतलेल्या कर्जाला निवड म्हणता येत नाही. आंबिवलीच्या वस्त्यांत आपले कार्यकर्ते जातील तेव्हा त्यांनी भाडेकरू आणि हप्तेकरी या दोघांना एकाच सभेत बसवावे. दोघांचे दुखणे एक आहे.