आरोग्यचिंतन : पाकीट, बैठक आणि पायाची कळ

पेढीवर तासन् तास बसणाऱ्या व्यक्तीच्या नितंबात दुखू लागते आणि हळूहळू ती कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते. मणक्यांमधील चकती सरकली असावी, असा तर्क प्रथम केला जातो. अनेकदा तो खराही ठरतो. परंतु काही रुग्णांत दुखण्याचे मूळ कण्यात नसून नितंबाच्या खोल भागातील ‘पिरिफॉर्मिस’ या लहानशा स्नायूत असते.

या लॅटिन नावाचा अर्थ ‘नासपतीच्या आकाराचा’. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या आतील बाजूस हा स्नायू उगम पावतो आणि खुब्यापाशी मांडीच्या हाडाला जोडला जातो. त्याच्यावर नितंबाच्या सर्वांत मोठ्या स्नायूचे आवरण असते. उभे असताना मांडी बाहेरच्या दिशेने फिरविणे आणि बसलेले असताना ती बाजूला नेणे, ही त्याची कामे.

शरीरातील सर्वांत जाड असा सायटिक मज्जातंतू बहुतेकांत या स्नायूच्या खालून पायाकडे जातो. काहींत त्याचा एक भाग स्नायूला भेदून जातो. स्नायू आखडला की मज्जातंतूवर दाब येतो आणि कळ, मुंग्या, बधिरता पायात जाणवते. १९४७ साली रॉबिन्सन यांनी या विकाराला ‘पिरिफॉर्मिस सिंड्रोम’ असे नाव दिले. पुढे १९७८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात, मागील खिशातील फुगलेल्या पाकिटावर बसल्याने उद्भवणाऱ्या सायटिकाची नोंद झाली. एका बाजूला पाकीट असले की शरीराचा भार असमान पडतो आणि नेमका हाच भाग दाबला जातो.

म्हणून पाकीट पुढील खिशात वा गल्ल्यात ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. उताणे झोपून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा व ती दुसरी मांडी अर्धा मिनिट छातीकडे ओढून धरावी. स्नायूला सौम्य ताण मिळतो. कळ वाढल्यास मात्र थांबावे.

दुखणे काही आठवड्यांत न ओसरल्यास कण्याची तपासणी अवश्य करून घ्यावी. पाऊल उचलता न येणे, जांघेत बधिरता येणे अथवा मलमूत्रावरील ताबा सुटणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.