कोष्टकातील तोकडे माप

नारायण पेठेतील एका पुस्तकविक्रेत्याच्या पेढीवर मार्चअखेरचा हिशेब जुळवीत असता एक्सेलचा मॅक्रो 32,767 व्या ओळीशी थबकला आणि पडद्यावर ‘ओव्हरफ्लो’, त्रुटी क्रमांक 6, असा शेरा उमटला, तेव्हा दोष यंत्राचा नव्हता; ओळी मोजण्यास ‘इंटिजर’ हे सोळा बिटांचे तोकडे माप नेमणाऱ्याचा होता. त्याहून फसवा प्रकार गुणाकाराचा: 300 प्रती गुणिले 150 रुपये, हे 45,000 ‘लाँग’ या मोठ्या मापात साठवायचे म्हटले, तरी दोन्ही आकडे ‘इंटिजर’ असल्यामुळे गणित वाटेतच अडते. ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’ लिहून ही तक्रार दडपणे आणि खोटी बेरीज ताळेबंदात बिनबोभाट जाऊ देणे, हा मला हिशेबनिसाच्या इमानाशी द्रोह वाटतो. ‘लाँग’ 2,14,74,83,647 पर्यंत पुरतो. पेढीवर अखेर एकच शब्द बदलला, आणि दिवेलागणीपूर्वी जमाखर्च जुळला.