पंगतीचा हिशेब

नाताळला सिंदी मेघेच्या घरी मी शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "यातले प्रार्थनेला किती येतील?" कंपनीत आठवडाभर मी टार्गेटच भरत असतो. आता पंगतीतली माणसंही मोजायची?

हेतू नसावाच, असं मी म्हणत नाही. रेल्वेच्या डब्यात ना. वा. टिळकांशी कवितेवर गप्पा मारून हातात नवा करार ठेवणाऱ्या त्या अनोळखी युरोपियनाच्या मनात हेतू होताच. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पण लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांच्या मनाला पटायला आणखी पाच वर्षं लागली. शेवटी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपण मात्र टिळकांची भजनं गातो आणि तो दरबार विसरतो.

शेजारी चर्चला आला नाही म्हणून पुढच्या वर्षी त्याला आमंत्रण नसेल, तर ते जेवण नव्हतं, आमिष होतं. आपल्यावरचा जुना आरोप आपणच खरा करतोय.

पोळ्याला शेजारच्या काकू पुरणपोळ्या पाठवतात. देवळात कधी येतोस, असं त्यांनी अजून विचारलेलं नाही.